आई मागे बसेल अशी व्हीआरएस: एका मॉडिफाइड टर्बो गाडीचं प्रकरण

गाडी २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०. १९८४ सीसी टर्बो पेट्रोल, कंपनीच्या कागदावर २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर, ओढ पुढच्या चाकांना, गिअरबॉक्स ओल्या क्लचचा सहा गिअरी डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). नागपुरातल्या एका गृहस्थांनी ती ६१,००० किलोमीटरवर सेकंड हँड घेतली. राहणं त्रिमूर्तीनगरला, नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत. वर्धा रोडने रोजचं जाणं-येणं साठेक किलोमीटर. घरात चारचाकी एवढी एकच.

आधीचा मालक हौशी होता. स्टेज २ फाइल (इंजिनच्या कॉम्प्युटरचं ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर), कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा ‘कॅट’) नसलेला तीन इंची डाउनपाइप (टर्बोला लागून असलेली एक्झॉस्ट नळी), मधला सायलेन्सर कापून घातलेली सरळ नळी, उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ एअर फिल्टर, एसी कंडेन्सरच्या पुढे टांगलेला मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा), डायव्हर्टर व्हॉल्व्हखाली (टर्बोचा जादा दाब सोडणारा) ‘फुस्स’ आवाजासाठी स्पेसर, खालच्या इंजिन माउंटिंगमध्ये पॉलियुरेथेनचा ठोकळा, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप संच) आणि १९ इंची रिम. सोबत मिळालेल्या डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर ३१८ पीएस. कागद खोटा नव्हता. फक्त तो डिसेंबरातल्या सकाळचा होता.

गाडी आमच्या गॅरेजात आली तेव्हा नव्या मालकाच्या तक्रारी पाच: मे महिन्यात सिग्नलला एसी गरम हवा टाकतो, शंभराच्या वेगाला कानात घुमतं, रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीत बसतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी उडी मारते, आणि ब्रेकरला पोट घासतं. ‘पिकअप जबरदस्त आहे, पण आई बसायला तयार नाही,’ हे त्यांचं वाक्य कामाचं उद्दिष्ट म्हणून जॉब कार्डवर तसंच लिहिलं गेलं. ताकद काढून टाका, असं त्यांनी म्हटलं नव्हतं.

पाना हातात घेण्याआधी

पहिला दिवस फक्त मोजण्याचा. ‘सस्पेंशन कडक आहे’ असं ऐकून शॉकअप बदलायला निघालं की पैसे जातात आणि धक्के तसेच राहतात. म्हणून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, टायरची थंड हवा, अलाइनमेंटचे आकडे, आणि स्कॅनर लावून दुपारी तीनच्या उन्हात चाळीस मिनिटांचा लॉग. हा लॉग सकाळी सहाला घेण्यात अर्थ नाही. नागपुरात गाडीला जो त्रास होतो तो नवतपात (मेअखेरच्या भाजक्या नऊ दिवसांत) होतो. २५ अंशांची हवा आणि ४५ अंशांची हवा यांच्या घनतेत ६ टक्के फरक पडतो. तेवढी हवा भरून काढायला टर्बो जास्त फिरतो, आणि जास्त फिरला की हवा आणखी तापवतो.

त्याच दिवशी स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये धूर भरल्यावर तो दोन जागी निघाला: स्पेसरच्या ओ-रिंगमधून आणि इंटरकूलरच्या एका सिलिकॉन होजच्या क्लॅम्पखालून. गळती असलेल्या गाडीची फाइल सुधारत बसणं म्हणजे फुटक्या माठाला नळ मोठा लावणं. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपच्या प्लास्टिक हाउसिंगवर वाळलेल्या कूलंटचा जांभळट पापुद्राही दिसला. या इंजिनाची ही ओळखीची खोड आहे. हाउसिंग बदललं, कूलंट नवं भरलं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

एसी का हरत होता

सिग्नलला आठ मिनिटं उभी ठेवल्यावर, बाहेर ४३ अंश असताना, इनटेक मॅनिफोल्डमधली हवा ७४ अंशांवर गेली आणि एसीच्या हाय साइडचा दाब २६ बारच्या वर. इतका दाब चढला की कंप्रेसर स्वतःच माघार घेतो. गॅस बरोबर होता. आधी दोन ठिकाणी ‘गॅस कमी आहे’ म्हणून भरून दिला होता, हे बिलांवरून कळलं.

खरं कारण बंपर उतरवल्यावर दिसलं. मोठा इंटरकूलर बसवताना रेडिएटर पॅकच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे एअर गाइड कापून फेकलेले होते. हे तुकडे फालतू दिसतात, पण गाडी उभी असताना तेच सगळं काम करतात. पंखा कंडेन्सर आणि रेडिएटरमधून हवा ओढून मागे टाकतो. बाजूला फट असेल तर तीच तापलेली हवा फटीतून वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. गाडी धावत असताना समोरून वारा येतो म्हणून तक्रार जाणवत नाही. त्यात कंडेन्सरच्या तोंडावर इंटरकूलरची जाड भिंत. पंखा बिचारा काय करणार?

पुढचा इंटरकूलर काढून कंपनीच्या मापाचा, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या मूळ जागी बसणारा परत घातला. एअर गाइड दोन्ही नवे, आणि उरलेल्या फटींना १० मिमी जाडीची बंद छिद्रांची फोम पट्टी. उघडी पट्टी पाणी शोषते आणि एका पावसाळ्यात गळून पडते. कंडेन्सर आतून बाहेर अशा दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. प्रेशर गनने पात्या वाकतात. कोन फिल्टर काढून मूळ एअर बॉक्स आणि कागदी फिल्टर. कोन फिल्टर इंजिनशेजारी उघडा बसतो आणि ट्रॅफिकमध्ये रेडिएटरमागची गरम हवा पितो. मूळ बॉक्स ग्रिलच्या वरून हवा घेतो. ‘फुस्स’ स्पेसरही निघाला, डायव्हर्टर व्हॉल्व्हला नवी ओ-रिंग.

तीच चाचणी पुन्हा, ४२ अंशांत: मॅनिफोल्डमधली हवा ५७, हाय साइड १९ बार. फक्त हवेची वाट सरळ केल्याने एवढा फरक पडला. मोठा इंटरकूलर वाईट असतो असं नाही. लागोपाठ चार-पाच वेळा पूर्ण जोर लावणाऱ्याला तो हवाच. रोज बुटीबोरी गाठणाऱ्याला नको.

घुमणारा आवाज

शंभराच्या वेगाला सहाव्या गिअरमध्ये इंजिन साधारण २२०० फेऱ्यांवर असतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ७३. हा ७३ हर्ट्झचा सूर कानाला मोठा वाटत नाही, पण बंद केबिनमध्ये डोक्यावर दाब दिल्यासारखा बसतो. अर्ध्या तासाने माणूस चिडचिडा होतो आणि कारण कळत नाही.

मालकाने ‘जे पाइप’ लावून द्या म्हटलं. म्हणजे मुख्य नळीला फुटवा काढून टोक बंद केलेली आडनळी. तिची लांबी आवाजाच्या लहरीच्या चौथा हिस्सा असली की तो सूर स्वतःलाच मारतो. हिशेब असा: आडनळीतला वायू सुमारे १२५ अंशांचा धरला तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० मीटर, ७३ हर्ट्झसाठी लांबी १.३६ मीटर. पण समृद्धी महामार्गावर गाडीची मर्यादा १२०. त्या वेगाला इंजिन २६४० वर, सूर ८८ हर्ट्झचा, लांबी १.१४ मीटर. म्हणजे वर्धा रोडचा आवाज मारला की समृद्धीचा जिवंत राहतो. एकाच वेगाने जाणाऱ्यासाठी जे पाइप ठीक.

म्हणून कापलेल्या जागी मूळ मापाचा मधला सायलेन्सर पुन्हा वेल्ड केला. तो एक सूर पकडून बसत नाही, पट्टाच्या पट्टा खाली आणतो. आवाज गेला, तरी ९० ला बारीक थरथर राहिली. ती आवाजाची नव्हतीच. एक्झॉस्टचा मागचा रबर हँगर ताणून बसवल्याने नळी सबफ्रेमला टेकत होती. गाडी पूर्ण तापलेली असताना नळी आणि बॉडीत सगळीकडे किमान १५ मिमी जागा हवी. थंडीत तपासून उपयोग नाही, कारण तीन मीटरची नळी तापल्यावर काही मिलिमीटर लांबते.

डाउनपाइप कॅटसह मूळ. यात चर्चेला वाव नव्हता. कॅट काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, आणि मागच्या काचेतून येणारा वास आईंची तक्रार नंबर दोन होती.

माउंटिंगमधला पॉलियुरेथेनचा ठोकळा काढल्यावर ‘डी’मध्ये एसी चालू असताना स्टीअरिंगवर येणारी थरथर कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. चूक आमच्या क्रमात होती: डाउनपाइप बसवताना त्याचा इंजिनाला धरणारा ब्रॅकेट आधीच्या कामात हरवलेला होता, आणि तो न मागवताच नळी जोडली गेली. ब्रॅकेट आल्यावर थरथर थांबली.

सस्पेंशन: कडक नव्हतं, संपलेलं होतं

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

गाडी मूळ उंचीपेक्षा पुढे ४५ मिमी खाली. कॉइलओव्हरच्या या किटमध्ये उंची फक्त स्प्रिंगखालचा कप फिरवून बदलते. कप खाली नेला की गाडी खाली येते आणि शॉकअपचा दांडा तेवढाच आत शिरून बसतो. दांड्याला झिप टाय बांधून गाडी जमिनीवर ठेवली, तेव्हा बंप स्टॉपपर्यंत (शेवटी धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंत) उरलेली हालचाल १८ मिमी. साध्या खड्ड्यालाही स्प्रिंग नव्हे, रबराचा तुकडा वजन घेत होता. मालकाला जो ‘कडकपणा’ जाणवत होता तो बहुतेक हाच. दुसऱ्या प्रकारच्या किटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलते. तिथे उंची वाढवली तरी शॉकअपची हालचाल वाढत नाही. आपलं किट कोणत्या जातीचं ते आधी ओळखावं, नाहीतर अख्खा दिवस कप फिरवण्यात जातो.

दुसरी गोष्ट नागपूरची. शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे झाले आहेत आणि अशा रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. सांधा ठराविक अंतराने येतो म्हणजे गाडीला ठराविक तालात टप्पल बसते. पुढच्या स्प्रिंग मिलिमीटरला ८ किलोच्या. एका पुढच्या कोपऱ्यावर टेकलेलं वजन सुमारे ३९० किलो धरलं आणि शॉकअप किंचित तिरका बसतो हेही हिशेबात घेतलं तर गाडीचा स्वतःचा ताल सेकंदाला २.१६ झोके येतो. साडेचार मीटरच्या सांध्यांवर हा ताल नेमका ३५ च्या वेगाला जुळतो, आणि शहरात गाडी बहुतेक वेळ ३५ लाच असते. म्हणून ‘रस्ता गुळगुळीत दिसतो, पण गाडी नाचते’.

५ किलोच्या स्प्रिंग घातल्यावर ताल १.७ च्या आसपास येतो आणि जुळणी २८ च्या वेगाला होते. झोका तिथेही येतो, पण तो वेग ओलांडून जायचा असतो, धरून चालायचा नसतो. मात्र मऊ स्प्रिंग जास्त दबते: त्याच वजनाखाली ८ किलोची ५१ मिमी, ५ किलोची ८२. तीच लांबी मागवली तर गाडी ३१ मिमी आणखी खाली बसेल. म्हणून मोकळी लांबी ३० मिमी जास्त असलेली, आतला व्यास कपाच्या मापाचा तपासून मागवली. मागच्या स्प्रिंगही त्याच प्रमाणात हलक्या, पण मागचा ताल पुढच्यापेक्षा किंचित जलद राहील इतपत. पुढचं चाक आधी उडतं, मागचं उशिरा. मागचा झोका थोडा चपळ असला की दोन्ही लवकर एकत्र येतात आणि मागे बसणारा मान हलवत राहत नाही.

पुढे २७ मिमी वर घेतली. बंप स्टॉपपर्यंतची हालचाल १८ वरून ४५ मिमी झाली. शॉकअपचे क्लिक आधी सगळे कडक बाजूला होते. अशा एकाच बटणाच्या किटमध्ये ते मुख्यतः परतीचा वेग आवळतं. जास्त आवळलं की एका सांध्याचा दबाव सुटायच्या आत दुसरा येतो आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते. सगळ्यात मऊपासून सुरुवात करून गाडी तिसऱ्यांदा झुलणार नाही इतके क्लिक वाढवले. पुढे ९, मागे ७ वर थांबलो.

उंची बदलल्यावर हमखास होणारी चूक: लोअर आर्मचे बुश. त्यांचे बोल्ट जुन्या उंचीला आवळलेले असतात. गाडी वर घेतली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, कडकपणा परत येतो आणि सहा महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट ढिले करून, चाकांवर वजन ठेवून, नव्या उंचीला पुन्हा आवळायचे. कंपनीने ‘टॉर्क अधिक कोन’ सांगितलेले बोल्ट एकदाच वापरायचे, म्हणून नवे घेतले. त्यानंतर अलाइनमेंट. पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे २ अंश २० मिनिटांवरून उणे १ अंश १० मिनिटांवर आला. आतल्या बाजूने खाल्लेल्या टायरांचं कोडंही सुटलं.

रिम-टायर: २३५/३५ आर१९ च्या बाजूची भिंत ८२ मिमी. २२५/४५ आर१७ ची १०१ मिमी, आणि एकूण व्यास मूळ २२५/४० आर१८ पेक्षा अर्ध्या टक्क्यानेच कमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. अडचण एकच. या गाडीवर पुढची डिस्क मोठी आहे, आणि १७ इंची प्रत्येक रिम तिच्या कॅलिपरवर बसत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून, रिम आत ३ मिमी तरी मोकळी राहते का हे पाहूनच घ्यावी. हवा ३३ पीएसआय, सकाळी, गाडी हलवण्याआधी. तापमानाच्या दर १० अंशांमागे दीड पीएसआय वाढतं. भर दुपारी पेट्रोल पंपावर मोजून हवा सोडणारा माणूस सकाळी कमी हवेवर गाडी चालवतो.

ब्रेकरचं गणित मालकाला कागदावर दाखवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. २.६८ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर दोन्ही चाकांनी चढली की पोटाखाली फक्त ५३ मिमी लागतात. पण कॉलनीतल्या हौशी मंडळींनी रातोरात घातलेला अर्ध्या मीटरचा ब्रेकर पोटाखाली पूर्ण १०० मिमी मागतो. २७ मिमी वर घेतल्यावर त्रिमूर्तीनगरातले दोन सोडून सगळे ब्रेकर मोकळे जातात. त्या दोघांसाठी मालकाने गल्ली बदलली आहे.

फाइल आणि गिअरबॉक्स, सगळ्यात शेवटी

हार्डवेअर पक्कं झाल्याशिवाय फाइलला हात लावला नाही. स्टेज २ फाइलमध्ये मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तपासणी बंद केलेली असते. कॅट परत आल्यावर ती चालू हवी. शिवाय जुनी फाइल १०० ऑक्टेनवर लिहिलेली, आणि रोजच्या वाटेवर हमखास मिळतं ते ९५. लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) नॉकमुळे (इंधन स्वतःहून भडकल्याने) ६ अंशांपर्यंत मागे ओढलं जात होतं. म्हणजे कागदावरचे ३१८ पीएस मेमध्ये नव्हतेच. त्यात आता ई२० पेट्रोल. ई१० च्या तुलनेत त्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं, आणि जुन्या फाइलमध्ये ती गुंजाईश धरलेली नव्हती.

नव्या फाइलमध्ये कमाल टॉर्क ३८० न्यूटन मीटर, तोही २,५०० फेऱ्यांनंतर चढत जाणारा; पहिल्या दोन गिअरला ३००. ताकद साधारण २७० पीएस, म्हणजे कंपनीपेक्षा चांगली चाळीस जास्त. खरा बदल पॅडलचा. जुन्या फाइलमध्ये पॅडल ३० टक्के दाबलं की टॉर्कची मागणी ७० टक्क्यांपर्यंत जाई. गाडी ‘जबरदस्त’ वाटते ती यामुळेच, आणि गर्दीत उडी मारते तीही यामुळेच. ३० ला ३५ असा सरळ चढ दिला. स्पार्क प्लग नवे, गॅप ०.६५ मिमी. दुपारी ४१ अंशांत डायनोवर तपासलं: टायमिंगची माघार कुठल्याच सिलिंडरला अडीच अंशांपलीकडे नाही.

एवढं करूनही पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका राहिला. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्येही वेगळी फाइल होती, क्लच जोराने दाबणारी. ‘डी’साठी कंपनीचा नकाशा परत, ‘एस’ (स्पोर्ट) तसाच ठेवला. डीएसजीचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात; इथे बिल सापडलं नाही, म्हणून बदलले. सुमारे साडेपाच लिटर लागलं. पातळी तेल ३५ ते ४५ अंशांवर असतानाच, इंजिन चालू ठेवून. नागपुरात उन्हाळी दुपारी उभी गाडीच त्या मर्यादेबाहेर असते. हे काम भल्या सकाळी करावं. नंतर स्कॅनरने बेसिक सेटिंग आणि सौम्य रस्त्यावर अर्धा तास फेरफटका. सिग्नलला इंचा-इंचाने गाडी सरकवण्याची सवय मात्र मालकालाच सोडावी लागली: तेव्हा क्लच घसरत असतो आणि तेल तापतं. समोर गाडीभर जागा होऊ द्यायची, मग ब्रेक सोडायचा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं आहे. कॅट, सायलेन्सर आणि फिल्टर मूळ झाल्याने पीयूसी आणि आवाजाचा प्रश्न मिटला. कॉइलओव्हर, १७ इंची रिम आणि फाइल यांचा प्रश्न उरतो. विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओत विचारा, असं मालकाला सांगितलं. अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा ते बरं. कंपनीच्या स्प्रिंग, शॉकअप आणि रिम त्यांनी जुन्या बाजारातून घेऊन घरी बांधून ठेवल्या आहेत.

अजून उरलेलं: ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला जोर दिला की स्टीअरिंग हातातून खेचतं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ३०० न्यूटन मीटरला ते राहणारच. कॉइलओव्हरच्या आट्यांवर पावसाळ्याआधी घासून ग्रीस आणि लॉक रिंग आवळलेली आहे का हे पाहणं, दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्या सर्व्हिसला ५डब्ल्यू-४० तेल, ५.७ लिटर, ७,५०० किलोमीटरवर. त्या वेळी सीट कव्हरखाली मागच्या सीटवर एक उशी सापडली. ‘आई नेते, लांबच्या प्रवासाला,’ मालक म्हणाले.